मूळमामा

आमच्या मामांना प्रत्येक गोष्टीचं मूळ लागतं. रेडिओवर नाट्यपद लागलं की इतरांच्या माना डोलतात, मामांची मान ताठ होते. "मूळ चीज कुठली?" पुरणपोळी ताटात पडायच्या आत मामी सांगून टाकतात, "गुळाचंच आहे पुरण, मुकाट्याने जेवा." कीर्तनात बुवांनी आख्यान रंगात आणलेलं असतं, देवळातल्या बायका पदराने डोळे टिपत असतात, आणि मामा शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणतात, "हे भागवतात नाही बरं का." शेजारचा रडायचा थांबतो आणि चपला जागेवर आहेत का ते बघायला उठतो.

अशी माणसं गावोगाव असतात. नाटक संपल्यावर आत जाऊन "आधीच्या संचात हा प्रवेश असा नव्हता" हे नटाला त्याच्या तोंडावर ऐकवणारी. सिनेमाला जाताना कादंबरी काखोटीला मारून जाणारी. नातवंडांना गोष्ट सांगणाऱ्या आजीला मध्येच अडवून "कोल्हा नव्हे, लांडगा" अशी दुरुस्ती करणारी. लोक म्हणतात, या मेल्यांना रस म्हणून नाही. मला तसं वाटत नाही. ज्याला रस नसतो तो झोपतो. हे जागे असतात, आणि गोष्टीचा केसही हललेला यांना खपत नाही.

मामांच्या बाबतीत स्वभावाला नोकरीची जोड मिळाली. उभी हयात स्थानिक निधी लेखापरीक्षणात गेली. जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, ग्रामपंचायती; कीर्द, खतावणी, पावतीपुस्तकं. त्या खात्यात अर्धसमास नावाचा प्रकार असतो. कागद मधोमध उभा दुमडायचा, डाव्या अर्ध्यात लेखापरीक्षकाने आक्षेप लिहायचा, उजवा अर्धा कोरा सोडायचा. तिथे ग्रामसेवकाने खुलासा करायचा. खुलासा पटला तर आक्षेप वगळतात. नाही पटला तर तो अहवालात जातो, आणि ग्रामसेवक निवृत्त झाला तरी त्याच्या मागे जातो. मामा निवृत्त झाले, पण कागद दुमडायची खोड हाताला राहिली. मामींच्या वाणसामानाच्या यादीवरही डावीकडे बारीक अक्षरात येतं, "शेंगदाणे गेल्या महिन्यापेक्षा अर्धा किलो जादा. कारण?" उजवीकडे मामींचा खुलासा असतो, "तुम्ही."

या माणसाच्या आयुष्यात ग्रीक महाकवी होमर शिरला तो फुटपाथवरून. नोकरी नवी होती, प्रशिक्षणासाठी मुंबईला गेले होते, फाउंटनला जुन्या पुस्तकांच्या ढिगात पुठ्ठा फाटलेलं इलियड मिळालं. पेंग्विनची आवृत्ती, ई. व्ही. रियू यांचं 1950 सालचं गद्य भाषांतर. पुढे दौऱ्यावर, कुठल्यातरी ग्रामपंचायतीच्या खोलीत मुक्काम पडला असताना त्यांनी ते उघडलं. एखाद्याला पहिल्या पुस्तकातला, म्हणजे पहिल्या सर्गातला, अकिलीसचा राग भिडला असता. मामांना दुसरं पुस्तक भिडलं. तिथे होमर युद्ध सोडून देऊन कुठल्या गावाहून कोण आला आणि किती जहाजं घेऊन आला याची यादी देत बसतो. भलेभले वाचक ही यादी ओलांडून पुढे जातात. मामांनी पेन्सिल घेतली आणि बेरीज केली. 1186. हेलनसाठी हजार जहाजं निघाली असं कोणी सहज बोलून गेलं, तर मामा अजूनही उरलेल्या 186 जहाजांचा हिशेब मागतात.

होमरवर त्यांचा विश्वास बसला तो असा. पुढे रिचमंड लॅटिमोर यांचं भाषांतरही त्यांनी मिळवलं. रियूचं गद्य रोजच्या आमटी-भातासारखं, लॅटिमोरचं पद्य सणासुदीला. मूळ ग्रीक त्यांना येत नाही. हा मुद्दा आमच्या घरात कोणी काढत नाही.

तर या घरात दिवाळीच्या सुट्टीत नातीने 'द साँग ऑफ अकिलीस' आणलं. नात पुण्याला कॉलेजात शिकते. तिच्या मैत्रिणींत हे पुस्तक वाचून रडलेली आणि वाचून रडायची राहिलेली असे दोनच गट आहेत म्हणे. लेखिका मॅडलिन मिलर, अमेरिकन, पोरांना लॅटिन आणि ग्रीक शिकवणारी. कादंबरी 2011 साली आली, 2012 साली तिला ऑरेंज पारितोषिक मिळालं, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी तरुण मुलामुलींनी ओल्या डोळ्यांनी मोबाइलसमोर बसून तिला पुन्हा वर काढलं.

"दहा वर्षं लागली तिला लिहायला, आबा," नात म्हणाली.

"ट्रॉयचं युद्धही दहाच वर्षं चाललं," मामा म्हणाले, "आणि त्यात निकाल लागला." पण पुस्तक हातातून खाली ठेवलं नाही.

गोष्ट पॅट्रोक्लसच्या तोंडून आहे. हा एक नकोसा झालेला राजपुत्र. फाशांच्या खेळात भांडण होऊन त्याच्या हातून एक मुलगा मरतो आणि बाप त्याला फ्थियाच्या राजाकडे, पेलियसकडे, हाकलून देतो. तिथे राजाचा मुलगा अकिलीस. दोघं एकत्र वाढतात, पेलिऑनच्या डोंगरावर कायरॉनपाशी शिकतात, एकमेकांवर प्रेम करतात, आणि ते प्रेम घेऊन ट्रॉयला जातात. तिथून दोघंही परत येणार नाहीत, हे अकिलीसची आई थेटिस सोडाच, मुखपृष्ठ बघणाऱ्यालाही ठाऊक असतं.

आता मामा भडकणार, असा घरातल्या सगळ्यांचा अंदाज होता. कशावरून, तेही सगळ्यांनी मनात ठरवून ठेवलं होतं. शेजारचे एक निवृत्त मास्तर तर मुद्दाम येऊन बसले. चहा झाला, पावसाचं झालं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "असलं पुस्तक नातीने दिलं म्हणे आजोबांना?"

"असलं म्हणजे कसलं?"

"म्हणजे... दोन पुरुष..."

"त्याला आधार आहे," मामा म्हणाले. "होमरने स्पष्ट लिहिलेलं नाही. पण एस्किलसने लिहिलं. ते नाटक हरवलं, तुकडे शिल्लक आहेत. त्यानंतर प्लेटो. सिम्पोझियममध्ये फीड्रस म्हणतो, एस्किलसने घोळ घातला, दोघांत अकिलीस धाकटा होता. म्हणजे बघा, ग्रीकांचा वाद प्रेम होतं की नव्हतं यावर नाहीच. थोरला कोण, यावर आहे. आणि तिथेच मिलरबाई चुकतात! त्यांनी दोघांना जवळजवळ एका वयाचं केलं. इलियडच्या अकराव्या पुस्तकात पॅट्रोक्लसचा बाप त्याला बजावून सांगतो, कुळाने तो मोठा असेल, वयाने तू थोरला आहेस. जन्मतारखेत फेरफार म्हणजे काय असतं, मास्तर, तुम्हाला सांगायला नको. तुम्ही शाळेत होता."

मास्तर लगेच उठले.

त्या रात्री कागद दुमडला गेला. डावीकडे आक्षेप उतरू लागले. ते मी पाहिले आहेत, त्यातले थोडे सांगतो. वीणेसारखं ते वाद्य, लायर: होमरच्या म्हणण्याप्रमाणे अकिलीसने ते ईएटिऑनच्या नगराच्या लुटीतून घेतलं, कादंबरीत ते पॅट्रोक्लसच्या आईचं आहे. "जडसंग्रह नोंदवहीत तफावत." कायरॉन: होमरच्या मते वैद्यकी शिकवली ती अकिलीसला, पॅट्रोक्लस ती अकिलीसकडून शिकला, कादंबरीत दोघंही गुरूजवळ. "एका मंजूर पदावर दोन उमेदवार." नवव्या पुस्तकाच्या शेवटी झोपायची वेळ होते, तेव्हा अकिलीसच्या शेजारी डायोमीडी नावाची बाई आहे आणि पॅट्रोक्लसच्या शेजारी आयफिस. "सदर दोन महिला कादंबरीत आढळून येत नाहीत. खुलासा व्हावा."

एक मोठा आक्षेप दोन कागद भरून होता. मिलरबाईंचा पॅट्रोक्लस मवाळ आहे. जखमा बांधतो, लढाईला बिचकतो. होमरचा पॅट्रोक्लस सोळाव्या पुस्तकात अकिलीसचं चिलखत चढवून जे सुटतो ते थांबतच नाही. झ्यूसचा मुलगा सार्पेडॉन त्याच्या हातून मरतो. शेवटी तीनदा तो ट्रोजनांवर तुटून पडतो आणि दर खेपेला नऊ जणांना आडवं करतो. "नऊ त्रिक सत्तावीस," मामांनी समासात लिहिलं होतं, "ही शिल्लक कुठे गेली?" मला विचाराल तर या आक्षेपात दम आहे. होमरकडे तो कनवाळूही आहे आणि रक्ताला चटावलेलाही, आणि एकाच माणसात दोन्ही असणं हेच त्याच्या मरणातलं भयंकर आहे. बाईंनी त्याला गुणी मुलगा करून टाकला. गुणी मुलगा मेला की वाईट वाटतं, पण धक्का बसत नाही.

सगळ्यात गाजलेला आक्षेप अंजिरांचा.

कादंबरीत लहानगा अकिलीस जेवणाच्या वेळी अंजिरं हवेत उडवून झेलतो, आणि त्यातलं एक अचानक पॅट्रोक्लसकडे फेकतो. नातीच्या मैत्रिणी या अंजिरावर जीव टाकतात. मामांनी आधी इलियड चाळलं. "ट्रॉयच्या तटाजवळ रानअंजिराचं झाड आहे. तीनदा उल्लेख. अंजीर फेकल्याची नोंद नाही." एवढ्यावर थांबले असते. पण लेखापरीक्षणात प्रत्यक्ष पडताळणी नावाची गोष्ट असते. रस्ता कागदावर झाला असला तरी गावात जाऊन बघायचा असतो. मामांचं म्हणणं असं की पिकलेलं अंजीर इतकं मऊ असतं की वर उडवलं तर खाली येताना हातातच फुटणार. तेव्हा हा प्रसंग मुळात घडूच शकत नाही.

त्यांनी बाजारातून पुरंदरची अंजिरं आणली. मामींना वाटलं, डॉक्टरांनी सांगितली असतील. दुपारी त्या पडल्या होत्या, दिवाणखान्यातून 'टप्' असा आवाज आला. मग पुन्हा 'टप्'. बाहेर येऊन बघतात तर सत्तरी ओलांडलेले गृहस्थ बनियनवर उभे, डावा हात पुढे, उजव्या हातातलं अंजीर वर सोडताहेत आणि तोंडाने मोजताहेत. एक सोफ्याच्या अभ्र्यावर बसलेलं. एक पंख्याने घेतलेलं.

"काय चाललंय?"

"पडताळणी."

मामींनी शांतपणे एक अंजीर उचललं, दाबून बघितलं, आणि हाताची ओंजळ केल्यासारखी करत तीन अंजिरं अल्लद उडवून झेलून दाखवली. लहानपणी सागरगोट्यांत त्यांचा हात कोणी धरत नसे. "अर्धवट पिकलेली घ्यायची," म्हणाल्या, "आणि पंखा बंद करायचा." मामांनी तो आक्षेप त्याच दिवशी वगळला. अभ्र्याचा मात्र अजून प्रलंबित आहे.

एवढं सगळं झालं तरी पुस्तक पुरं होईना. नेहमी मामा पुस्तक घेतलं की संपवतात. इथे ते एका जागी येऊन अडकले. पॅट्रोक्लस अकिलीसचं चिलखत अंगावर चढवतो ते पान. तिथे खूण घालून त्यांनी पुस्तक मिटलं आणि वीजबिल भरून आले. मुदत संपायला अवकाश होता. दुसऱ्या दिवशी पंखे पुसले. मग बँकेत जाऊन हयातीचा दाखला कधी लागतो ते विचारून आले. तो ते दरवर्षी नोव्हेंबरात देतात आणि हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

"पुढचं वाचत का नाही?" मामींनी विचारलं.

"पुढचं माहीत आहे."

"मग वाचा की."

"माहीत आहे म्हणून तर..."

वाक्य पुरं न करता ते गच्चीवर टाकी बघायला गेले. टाकी भरलेली होती.

माहीत तर होतंच. अपोलो पाठीमागून येऊन तळहाताने असा तडाखा देतो की शिरस्त्राण धुळीत गडगडतं, युफॉर्बस भाला खुपसतो, आणि हेक्टर उरलेलं काम करतो. तीन सह्यांनी मंजूर झालेलं मरण, असं मामा एरवी म्हणत. इलियडच्या कवीला स्वतःलाच ते जड गेलं असावं. बहुतेक वीरांना तो 'तो' म्हणतो. पॅट्रोक्लसशी मात्र, अधूनमधून मेनेलॉसशीही, थेट 'तू' म्हणून बोलतो. लॅटिमोरच्या भाषांतरात हे नीट दिसतं आणि मामांच्या प्रतीत त्या प्रत्येक ठिकाणी लाल-निळ्या पेन्सिलीची निळी खूण आहे. लाल नाही. अकिलीसचे घोडे सतराव्या पुस्तकात मान खाली घालून उभ्याउभ्या रडतात, तिथेही निळी.

शेवटी एका रात्री त्यांनी वाचलं. सकाळी अर्धसमासावर नवा आक्षेप होता, अक्षर नेहमीपेक्षा वाकडं: "निवेदक इसम मयत. तरीही निवेदन चालू. मृत्यूनंतर हजेरीपत्रकावर सही कोणी केली?"

कादंबरीचा शेवट असा आहे. दोघांच्या अस्थी एकत्र होतात, त्याला होमरचाच आधार आहे. ओडिसीच्या चोविसाव्या पुस्तकात त्या एकाच सोन्याच्या कलशात आहेत. पण मिलरबाई एक भर घालतात. समाधीवर नाव कोरायची वेळ येते तेव्हा अकिलीसचा मुलगा पॅट्रोक्लसचं नाव घालू देत नाही. नाव नाही म्हणून त्याचा आत्मा पुढे जाऊ शकत नाही. अकिलीस गेला, हा त्या दगडापाशी घुटमळत राहतो. शेवटी थेटिस येते. ही बाई पहिल्या भागापासून त्याचा दुस्वास करत आली आहे. ती त्याच्याकडून आपल्या मुलाच्या आठवणी ऐकते आणि नाव कोरते.

मामांना प्रेमकथेने जे केलं नव्हतं ते या नावाने केलं. तिघांच्या पंगतीत ते अचानक ग्रामपंचायतीच्या एका शिपायाची गोष्ट सांगू लागले. सेवापुस्तकात नोंद राहून गेली, माणूस गेला, बायको ऑफिसच्या पायरीवर बसून राहायची. साहेब बदलले, पायरी तीच. "नोंद नसली की सगळं अडतं," मामा म्हणाले. "पेन्शन अडतं, ग्रॅच्युइटी अडते. आत्मा अडणारच." मग भाताचा गोळा तसाच ठेवून म्हणाले, "पण बाईने घेतली नोंद. सगळी फाइल तिनेच अडवून धरली होती. तिनेच घेतली."

"आवडलं म्हणायचं का मग, आबा?" नातीने विचारलं.

"आधार नाही त्याला," मामा म्हणाले, आणि ताक मागितलं.

यानंतर वाचनालयात जे सुरू झालं, त्याने लोक गोंधळून गेले. कोणी ते पुस्तक नेऊ लागलं की मामा म्हणायचे, "नका नेऊ. हेक्टरचं मरण भरभर उरकलंय. प्रायम आपल्या मुलांना मारणाऱ्याच्या हाताचं चुंबन घेतो, अख्ख्या इलियडचा तो कळस, तो बाईंनी थोडक्यात आटोपलाय." नेणारा पुस्तक परत ठेवायला लागला की लगेच, "तसं नाही, आणलंय तर वाचा." एका प्राध्यापकांनी वर्तमानपत्र बाजूला सारून मत दिलं, की हल्ली देवदेवतांना गोड करून विकायचा धंदा आहे, त्यातलंच हे. त्यांनी वाचलं नव्हतं. त्यामुळे मत ठाम होतं. मामा खवळले. "गोड? टाचेचा बाण माहीत आहे ना तुम्हाला? थेटिसने स्टिक्स नदीत बुडवलं, टाच कोरडी राहिली, वगैरे?"

"अर्थात. इलियडमध्येच आहे की."

"नाही! इलियडमध्ये टाच नाही, बाण नाही, अकिलीसचं मरणच नाही. लाकडी घोडाही नाही. इलियड हेक्टरच्या अंत्यविधीला संपतं. स्टिक्सची कथा स्टेशियस नावाच्या रोमनाने सांगितली, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. सगळं जग ती टाच घेऊन फिरतंय. मिलरबाईंनी ती गाळली. गाळायला काय लागतं, ठाऊक आहे? लोकांना जे हवंय तेच गाळायला?" प्राध्यापकांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं. 2004 सालच्या 'ट्रॉय' सिनेमात पॅट्रोक्लसला अकिलीसचा चुलतभाऊ करून टाकलंय, हेही मामांना सांगायचं होतं, पण वाचनालय बंद व्हायची वेळ झाली.

आपल्या माणसाला आपण बोलावं, बाहेरच्याने बोलू नये, असा हा कायदा आहे. तो घरोघर लागू असतो. मिलरबाई त्यात कधी येऊन बसल्या ते मामांनाही कळलं नसावं.

नात सुट्टी संपायच्या आत अर्धसमासाचा उजवा भाग भरायला बसली. आजोबांची नात ती. तिने एकही आक्षेप सोडला नाही. डायोमीडी आणि आयफिस: "रजेवर." सत्तावीस माणसं: "आक्षेप मान्य. वसुली शक्य नाही." मयत निवेदकापुढे तिने लिहिलं, "पाहा: इलियड, पुस्तक तेविसावे. पॅट्रोक्लसचं भूत अकिलीसच्या उशाशी येऊन बोलतं, लवकर पुरायला सांगतं, अस्थी एकत्र ठेवायला सांगतं. मयताने बोलण्याची प्रथा होमरनेच पाडली आहे. शिवाय कवी ज्याला 'तू' म्हणत होता त्याने एकदा तरी 'मी' म्हटलं, तर बिघडलं कुठे?" हे वाचून मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग लाल पेन्सिलीने बारीक 'वगळला' लिहिलं.

तेवढ्यावर ती गप्प बसती तर बरं होतं. पण तिने कपाटातून 'मृत्युंजय' काढलं. मामांचं 'मृत्युंजय' म्हणजे शिवाजी सावंतांची 1967 ची कादंबरी नव्हे, घरातला एक वडीलधारा आहे. पानं सुटलेली, कर्णाच्या शेवटापाशी कागद फुगलेला.

"आबा, यात वृषाली बोलते. व्यासांनी कर्णाच्या बायकोचं नावसुद्धा दिलेलं नाही. आधार?"

मामा खिडकीबाहेर बघू लागले.

"शोण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो. कर्ण गेल्यावर कृष्ण बोलतो. हजेरीपत्रक?"

"ते वेगळं आहे."

"आणि भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पुरी झाली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी हे आलं. त्या आवृत्तीत तर सूतपुत्राला वरणार नाही असं स्वयंवरात द्रौपदी म्हणते, तेही मुख्य संहितेत राहिलं नाही, खाली तळटीपेत गेलं. गणपतीने महाभारत लिहून घेतलं, ती कथासुद्धा परिशिष्टात. मूळ मूळ म्हणता, तर मूळ हे आहे."

मामांचा चेहरा बघवेना. गणपती परिशिष्टात गेल्याचं त्यांना माहीत असणार, पण दिवाळीत कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. "सावंतांनी कर्णाला न्याय दिला," ते हळूच म्हणाले.

"आणि हिने पॅट्रोक्लसला?"

मामी ताटं घेत होत्या. "अगं, त्यांचं मूळ म्हणजे त्यांनी पहिल्यांदा वाचलं ते," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा मला सांगायचे, माझ्या आईचं मूळ वरण असं नव्हतं, हिंगाचं होतं. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मी तर त्यात कधीच हिंग घातला नाही, हे खूळ कुठून आलं?"

मामांनी 'मृत्युंजय' नातीच्या हातातून काढून घेऊन कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली. पण 'साँग ऑफ अकिलीस' त्याच फळीवर, त्याला लागून ठेवलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अंजिराचा डाग असलेली बाजू आत.

नात पुण्याला गेली आणि तिने मिलरबाईंचं पुढचं पुस्तक टपालाने पाठवून दिलं. 'सर्सी', 2018 सालचं. परवा मी मामांना फोन केला, तो मामींनी उचलला.

"आहेत का मामा?"

"आहेत, पण नसल्यासारखे. ओडिसीचं दहावं पुस्तक काढून बसलेत, कागद दुमडून. दोनदा पानं वाढून उचलली. कोण ती जादूगारीण आलीय आता घरात, माणसांची डुकरं करते म्हणे."

"मग काय करणार?"

"करू दे की," मामी म्हणाल्या. "निदान वेळेवर जेवतील तरी."